आईबापांचं ताट

वादळानंतर अकराव्या दिवशी, भर दुपारी, माझ्या सासूला स्वप्न पडलं.

आमच्या कॅरियाकू बेटावर म्हाताऱ्या माणसाला स्वप्न पडलं की घरातल्या बाकीच्यांची झोप उडते. मी तेव्हा शाळेच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात मॅकरोनी ढवळत होते. मी शाळेची स्वयंपाकीण. शाळेचं छप्पर उडून समुद्रात गेलं होतं, पण पातेली जड म्हणून राहिली, आणि पातेली राहिली म्हणून गावाचं जेवण माझ्या गळ्यात आलं. मदतीच्या बोटीतून जे उतरेल ते मी शिजवायचे आणि लोक वाट्या घेऊन रांगेत उभे राहायचे.

सासू, म्हणजे मा थिओ, काठी टेकत आली. डोक्यावर माझ्या वारलेल्या सासऱ्यांची टोपी, कारण तिची स्वतःची हॅट शेजारच्या बेटावर पोचली असावी.

"जर्लीन, हातातलं ठेव."

"मा, मॅकरोनी खाली लागेल."

"लागू दे. निदान काहीतरी चव येईल तिला." ती उलट्या बादलीवर बसली. "माझी आई आली होती."

मी पळी खाली ठेवली. रांगेतली माणसं जवळ आली.

"आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती," मा म्हणाली. "टेबलावर पांढरं कापड. हात धुतलेले, अजून ओले. समोर ताट, आणि ताटात काही नाही. बोलली नाही. नुसती बसून राहिली."

"मग?" रांगेतल्या एस्टिमीने विचारलं. ही आमची शेजारीण. तिला दुसऱ्यांची स्वप्नं फार आवडतात.

"मग काय? मी जागी झाले. ताट मांडायला हवं."

सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता: कशाचं ताट? गावातल्या साठ घरांपैकी पाच घरांवर छप्पर होतं. नीरफणसाची झाडं मुळासकट आडवी झाली होती. जूनमध्ये पेरलेला मका वीतभर वर आला होता, तो वाऱ्याने जमिनीसकट खरवडून नेला. तुरीचं तेच झालं. आणि आईबापांच्या ताटात, म्हणजे वारलेल्यांसाठी मांडतात त्या ताटात, कूकू हवाच, मक्याच्या पिठाचा घोटलेला गोळा. बाकी सगळं चालवून घेता येतं, कूकूशिवाय नाही.

या ताटाचे नियम मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकले. मी मोठ्या बेटावरची, ग्रेनाडाची. सव्वीस वर्षं झाली मला इथे येऊन, तरी मा थिओ रागावली की "मोठ्या बेटावरची" म्हणते. त्या पहिल्या वर्षी तिने मला ताटातलं मटण शिजवायला सांगितलं आणि मी आपली हौसेनं मीठ, मिरी, लसूण घालून मोकळी झाले. तिने चव घेतली आणि अख्खं भांडं माझ्या हातात परत दिलं.

"हे जिवंत माणसांना वाढ. माझ्या माणसांना मीठ घालून अडकवून ठेवतेस का?"

मग तिनेच समजावलं. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरून जे गुलाम म्हणून आणले गेले, त्यांच्यातले काही उडून परत गेले असं इथे सगळे मानतात. ज्यांनी मालकाचे खारवलेले मासे खाल्ले त्यांचं अंग जड झालं आणि ते राहिले. म्हणून पूर्वजांच्या ताटात मीठ नाही. त्यांनी यावं, जेवावं आणि हलक्या अंगाने परत जावं. मी तेव्हा वीस वर्षांची होते. मनात म्हटलं, आपण तर राहिलेल्यांचीच पोरं, मीठ खाल्लेल्यांची. पण सासूसमोर बोलायची हिंमत नव्हती.

मॅकरोनी वाढून झाल्यावर मी कामाला लागले. मदतीच्या सामानात पिवळ्या पिठाची पाकिटं होती, त्यावर मक्याचं चित्र होतं. मी दोन पाकिटं घरी नेली. घर म्हणजे चार भिंती आणि वर निळं प्लॅस्टिक. मा थिओने चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, हुंगलं, बोटांत चोळलं.

"हे गवंड्याला दे. भिंतीला गिलावा करायला होईल."

"मा, मकाच आहे हा."

"कुठला मका? कुणी पेरला? कुणाच्या हातचा?" तिने हात झटकले. "माझ्या आईने आयुष्यात असलं काही तोंडात घातलं नाही."

तिचा स्वतःचा बियाण्याचा मका दरवर्षी चुलीवरच्या आढ्याला टांगलेला असायचा, धुरात काळपट झालेली कणसं, जोडीजोडीने बांधलेली. आढंच राहिलं नाही तर कणसं कुठली? मी घरोघर विचारत फिरले. कुणाचे डबे वाहून गेले, कुणाचा मका भिजून पिंपात फुगला आणि कुबट झाला. तिसऱ्या दिवशी एस्टिमी कानाशी येऊन म्हणाली, "कॉस्मसकडे आहे. बोटीवर. पण तुझ्या सासूला मी सांगितलं असं सांगू नकोस."

कॉस्मस बोटी बांधणारा. त्याचे पूर्वज स्कॉटलंडहून बोटी बांधायला आले आणि आफ्रिकेतून आणलेल्या इबो बायकांशी लग्नं करून इथलेच झाले. ऐंशीच्या घरातला माणूस, भुऱ्या डोळ्यांचा, काळ्या कातडीचा, खवचट. वादळाच्या आदल्या दिवशी लोक घरांना फळ्या ठोकत होते, तेव्हा हा आपलं शिडाचं गलबत घेऊन खारफुटीत शिरला आणि झाडांना बावीस दोर बांधून आत बसून राहिला. घर गेलं, बोट वाचली. आता तो तिथेच राहत होता.

अडचण अशी की मा थिओ त्याच्याशी एकतीस वर्षं बोलत नव्हती. गावजेवणात, दोनशे माणसांसमोर, तो म्हणाला होता की तिच्या कूकूत गुठळ्या आहेत. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसायचे. त्याची बायको वारली तेव्हा मा थिओ अंत्ययात्रेला गेली, आठ दिवस त्याच्या घरी जेवण पाठवलं, पण शब्द बोलली नाही.

मी मांडीभर चिखलातून बोटीपर्यंत गेले.

"कोण? थिओडोशाची सून का?" वरून आवाज आला. "अजून बोलत नाही ना ती?"

"नाही, अंकल."

"छान. मला वाटलं वादळाने डोकं ठिकाणावर आलं असेल. ये वर. पाय धुऊन ये, डेक नुकताच घासलाय."

मी स्वप्न सांगितलं. त्याने मधे एकदाही थट्टा केली नाही. ऐकून झाल्यावर खाली गेला आणि वेताच्या जाळीतली मोठी काचेची बरणी छातीशी धरून वर आला. बुचावर मेण ओतलेलं होतं. आत मका, लालसर, मधे मधे काळे ठिपके असलेला.

"सहा किलो भरेल. पेरायला ठेवला होता. माझ्या पाठीत दम नाही राहिला." त्याने बरणी माझ्याकडे सरकवली, पण हात वरच ठेवला. "एक ऐकून घे, पोरी. मी बेटावर सगळीकडे चौकशी केलीये. आपल्या या जातीचा मका दुसऱ्या कुणाकडे उरलेला नाही. दळलात तर एका दिवसात संपेल. पेरलात तर ऑक्टोबरात दाणा हातात येईल."

"मग तुम्हीच मांना सांगा ना हे."

"मी सांगू? मी पेर म्हटलं तर ती उभ्या उभ्या दळेल. आणि दळ म्हटलं तर..." त्याने बुचावरच्या मेणावरून अंगठा फिरवला. "तेही बरोबर नाही. तिची आई ती. तिला ठरवू दे."

ती बरणी डोक्यावर घेऊन मी दीड तास चालले. इतकी वर्षं मी डोक्यावर पाणी वाहिलंय, सरपण वाहिलंय, पण इतकं जड काही वाटलं नव्हतं.

मा थिओने बुचावरचं मेण नखाने काढलं. आत हात घातला, मनगटापर्यंत. बराच वेळ हात तसाच राहिला.

"हा आमचा मका आहे," ती म्हणाली. "हे ठिपके बघ. माझ्या आईने त्याच्या बायकोला लग्नात पदरभर बियाणं दिलं होतं. त्या मेल्याने जपून ठेवलंय." मग माझ्याकडे बघून, "तू त्याच्याकडे गेलीस."

"गेले."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही ठरवा."

तिने मान हलवली, उठली आणि हातजातं टेबलाला लावायला लागली. तो लोखंडी पट्टा तिने दोन्ही हातांनी आवळला. मी मदतीला गेले नाही. माझे हात पुढे होत नव्हते. रांगेत वाट्या घेऊन उभी राहणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. महिना, दोन महिने, मग बोटी यायच्या थांबणार. पुढच्या वर्षी काय? त्याच्या पुढच्या वर्षी?

तिने एक मूठ मका जात्यात टाकला आणि दांडा फिरवला.

"मा," मी म्हणाले, "तो पेरायला हवा."

दांडा फिरतच होता.

"मा, एवढाच उरलाय. अख्ख्या बेटावर. हा दळला तर पुढे कुठलंच ताट होणार नाही. ना तुमच्या आईचं, ना..." ना तुमचं, असं माझ्या तोंडात आलं होतं. मी गिळलं.

तिने ओळखलं. ती वळली. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. "मोठ्या बेटावरची तू! तुला काय कळतंय माझ्या आईचं? ती हात धुऊन बसलीये, जर्लीन. हात धुऊन बसलेल्या माणसाला मी काय सांगू? थांब म्हणू? ऑक्टोबरात ये म्हणू?"

मी बाहेर निघून गेले. पायरीवर बसून रडले, खरं सांगायचं तर. वादळात रडले नव्हते. छप्पर उडताना माझा नवरा रॉल आणि मी मा थिओला गादीखाली दाबून धरलं होतं, तेव्हाही नाही. त्या दिवशी रडले.

आत जात्याचा आवाज थांबला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली, गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत.

"माझ्या आईची पणजी," ती म्हणाली, "ती गुलामांच्या बोटीतून उतरलेली. तिच्या गोष्टी आई सांगायची. दर शनिवारी मळ्याच्या वखारीसमोर रांग लागायची. माणशी एवढं पीठ, एवढे खारवलेले मासे. मासे लांबून कुठूनतरी यायचे, थंड समुद्रातले, तिकडे कुणी घेणार नाही असले. आंबूस वास यायचा. पण तेच खायचं, नाहीतर मरायचं."

मी नाक पुसलं. "आणि मका?"

"मका नंतर. ओढ्याच्या कडेचा खडकाळ तुकडा दिला होता मालकाने, उसाच्या कामाचा नव्हता तो. रविवारी सुट्टी. त्या सुट्टीत तिने मका लावला, तूर लावली. पहिलं बियाणं कुणाकडून तरी मागून आणलं होतं." तिने गुडघा चोळला. "पहिल्या वर्षी तिनेही पेरलाच असेल ना? उपाशी होती, तरी दळला नसेल. दळला असता तर तू आज कुणाच्या दारात बसून रडली असतीस?"

मला हसू आलं. रडतारडता हसणं फार वाईट, नाकातून पाणी येतं.

"मग ताटात काय वाढायचं, मा?"

"रांगेतलं," ती म्हणाली. "ती रांगेतच उभी राहिली होती, आपणही रांगेत उभे आहोत. तिला लाज वाटणार नाही. मदतीतले ते सार्डिन माशांचे डबे आण. पण तीन पाण्यांतून धुऊन काढायचे, खारटपणाचा मागमूस नको. आणि तुझ्या त्या गवंड्याच्या पिठाला हात लावायचा नाही."

शनिवारी ताट मांडलं. सार्डिन मी चार पाण्यांतून धुतले. तेल, मीठ, टोमॅटो सगळं गेलं, राहिला नुसता फिकट मासा, बिचारा. भात केला. मैद्याचे मोठे गोळे उकडले, आणि मा थिओने ते एकेक करून तुंब्याच्या वाडग्यात घालून घोळवले, कूकू घोळवतात तसे, गोल गोल, गुळगुळीत होईपर्यंत. जात्यात दळून झालेली ती एक मूठ होतीच. तिचा लिंबाएवढा कूकू झाला. तो तिने ताटाच्या मधोमध ठेवला.

कॉस्मसला बोलवायचं तिनेच ठरवलं. "त्याला सांग, मका दिला म्हणून बोलावतेय. माफ केलं म्हणून नाही."

मी तस्साच निरोप दिला. तो इस्त्री नसलेला पण धुतलेला पांढरा शर्ट घालून आला, हातात जॅक आयर्नची बाटली. आमच्याकडची ही रम इतकी कडक की बर्फ टाकला तर तळाला जातो. वादळात त्याने काय काय वाचवलं होतं ते हळूहळू कळत होतं.

दारात उभा राहून तो म्हणाला, "नमस्कार, थिओडोशा."

मा थिओ टेबलावरचं कापड सारखं करत राहिली. चादरच होती ती, एक कडा फाटलेली.

"ते लिंबू आहे का ताटात?" त्याने विचारलं.

"कूकू आहे." एकतीस वर्षांनंतरचा हा तिचा पहिला शब्द. "आणि बघ नीट, जवळून बघ. चष्मा आहे का तुला?"

तो खाली वाकला. आम्ही सगळे पुढे सरकलो. एस्टिमी तर खिडकीत लोंबकळत होती.

"सुरेख आहे," तो म्हणाला. "तेव्हाही चांगला होता. मी प्यायलेलो होतो, आणि पोरं हसतील म्हणून बोललो."

"एकतीस वर्षं लागली का हे सांगायला?"

"तू विचारलंच कुठे?"

तिने त्याच्या हातून बाटली घेतली, दाराबाहेर जमिनीवर थोडी रम ओतली, मग थोडं पाणी, आणि माणसांची नावं घेतली. आई, आजी, आजीची आई. जिचं नाव कुणालाच माहीत नाही, जी बोटीतून उतरली, तिला ती नुसतं "तू" म्हणाली. "तू ये. रांगेतलं आहे, पण धुतलेलं आहे." मग ढोल. एरवी तीन असतात, पण दोन ढोलांची कातडी फाटली होती, म्हणून एकच वाजला. अंधार पडायच्या आत आम्ही दार ओढून घेतलं आणि ताटाला एकांत दिला.

सकाळी दार उघडल्यावर ते ताट पोरांचं. आमच्याकडे पोरांनी लुटूनच खायचं असतं ते. पोरं तुटून पडली. मा थिओ कोपऱ्यात बसून बघत होती.

मी हळूच विचारलं, "आई आली होती का रात्री?"

"नाही," ती म्हणाली. जरा नाराज वाटली. "मी गाढ झोपले. वादळानंतर पहिल्यांदा."

सोमवारी पेरणी. कुणाच्या एका शेतात नाही, चार ठिकाणी विभागून, कारण एका ठिकाणी मेंढ्या शिरल्या तर सगळंच जायचं. एका ठिकाणी शिरल्याच. मा थिओ खुर्चीवर बसून ओरडायची, "खड्ड्यात तीन दाणे! तीन! हे काय कोंबड्यांना टाकताय?" आणि कॉस्मस कुंपणावरून सांगायचा की दोन पुरेत. दिवसभर हेच. रॉल म्हणाला, दोघं बोलत नव्हती तेच बरं होतं.

ऑक्टोबरात मका आला. फार नाही. निम्मा बियाण्याला गेला, आणि बेटावरच्या बाकी गावांना थोडा थोडा दिला. उरलेल्यातून गावजेवणात एकेक चमचा कूकू सगळ्यांच्या वाट्याला आला. त्याच्या जोडीला मीच रोजची मॅकरोनी शिजवली, आता मला तिच्यात काय घालायचं ते कळायला लागलं होतं.

पुढच्या वर्षी वादळाच्या तारखेला परत ताट मांडलं. या वेळी मका होता, ओले तुरीचे दाणे होते, कोंबडी होती. सगळं मांडून झाल्यावर एस्टिमीची नात, सात वर्षांची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सार्डिन कुठे आहेत?"

"या वेळी नाहीत," मी म्हणाले. "गरज नाही आता."

"पण ताटात सार्डिन असतात," ती म्हणाली, मला काहीच येत नसल्यासारखी. "आणि गोल गोळे. नेहमी असतात."

मी मा थिओकडे पाहिलं. तिला सार्डिन अजिबात आवडत नाहीत. त्या ताटानंतर तिने एकही डबा घरात ठेवू दिला नव्हता. तिने पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "जा, दुकानातून आण. आणि येतायेता मैदाही घेऊन ये."